प्लॉट पाडायचेत: आधी जमीन कापायची की आधी पाण्याचं ठरवायचं?

चढउतार
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही चार मित्रांनी मिळून ५ एकर उताराची जमीन घेतलीय. १४ प्लॉट पाडायचे, मधून एक रस्ता काढायचा असं साधारण डोक्यात आहे. वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत २०० मीटर, रुंदी १०० मीटर आणि उंचीत १२ मीटरचा फरक, म्हणजे सरासरी ६ टक्के उतार. खालच्या एका कोपऱ्याला लागून ओढा आहे. कंत्राटदार म्हणतो पोकलेन लावतो, पंधरा दिवसांत पायऱ्यापायऱ्यांसारखे टप्पे करून सगळं सपाट करून देतो, पाण्याचं नंतर बघू, रस्त्याच्या कडेनं गटार काढलं की विषय संपला. बाकीचे तिघे खूश आहेत. मला ते "नंतर बघू" खटकतंय पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाहीये, माझं शिक्षण कॉमर्सचं. पाऊस सुरू व्हायला अडीच-तीन महिने आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची?

शंकासुर
तुम्ही पाण्याचं नंतर बघाल हो, पाणी तुमचं आधीच बघून ठेवतं.

निवांत_बसा
वाचतोय. आमचीही अशीच एक जमीन पडून आहे. वाचनखूण साठवली.

मोजपट्टी
कटिंगच्या आधी एक कागद लागतो तो तुमच्याकडे दिसत नाही: कंटूर सर्व्हे, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा. अर्ध्या मीटरच्या फरकाने कंटूर काढून घ्या, हद्दीच्या आत तर घ्याच पण वरच्या बाजूला हद्दीबाहेरही, जिथून पाणी तुमच्याकडे उतरतं तिथपर्यंत. लोक आपल्या जमिनीवर पडणाऱ्या पावसाचा हिशोब करतात आणि वरच्या रानातून येणारं पाणी हिशोबातच नसतं. पाणी कंटूरला काटकोनात वाहतं, त्यामुळे नकाशा हातात आला की पेन्सिलीने बाण काढत बसा, तासाभरात कळेल पाणी कुठून शिरतं, कुठे गोळा होतं आणि कुठून बाहेर पडतं. बाहेर पडायचं ठिकाण आधी पक्कं करायचं आणि तिथून मागे मागे येत उंच्या ठरवायच्या. ओढ्याच्या तोंडाची लेव्हल, मग रस्ता, मग प्लॉट, शेवटी घराचं जोतं. तुमचा कंत्राटदार वरून खाली यायचं म्हणतोय, उंच्या खालून वर ठरतात.

आता थोडं गणित. पावसाचं किती पाणी वाहून येईल ते काढायला छोट्या जागेसाठी रॅशनल मेथड पुरते, कुइचलिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८८९ मध्ये मांडलेली, अजून चालते. पाणी (घनमीटर प्रति सेकंद) = गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) × पावसाचा जोर (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) भागिले ३६०. तुमची जागा २ हेक्टर धरा, पावसाचा जोर उदाहरणादाखल ताशी ६० मिमी. आत्ता गवत-झुडपं आहेत, गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला १०० लिटर. रस्ता, छपरं, फरशा झाल्यावर गुणांक ०.६५ च्या आसपास जाईल, मग तेच सेकंदाला २१७ लिटर. पाऊस तेवढाच, जमीन तीच, खाली जाणारा लोंढा दुपटीहून जास्त. आणि हे अजून कमीच धरलंय, कारण पक्क्या पृष्ठभागावरून पाणी लवकर खाली पोचतं, आणि जितका वेळ थोडा तितका हिशोबात पावसाचा जोर जास्त धरावा लागतो.

चढउतार
@मोजपट्टी, बापरे. म्हणजे खालचा शेतकरी माझ्या नावाने शंख करणार.

मोजपट्टी
करेलच, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून खालच्या कोपऱ्यात साठवण खड्डा ठेवायचा, ज्यातून पाणी पूर्वीच्याच दराने बाहेर पडेल. एखादा प्लॉट त्यात जाईल. मित्रांना आत्ताच सांगून ठेवा, नकाशा रंगल्यावर सांगितलंत तर भांडण.

डोंगरवाट
अनुभव सांगतो, लांब आहे.

आम्ही ३ एकर एकदम उघडी केली होती. अगदी तुमच्यासारखंच, पोकलेन भाड्याने आणलंय तर सगळं एकदाच उरकून घेऊ. गवत, झुडपं, वरची काळी माती सगळं ओरबाडून एका बाजूला ढीग, आणि तो ढीग कुठे, तर जागेतल्या सगळ्यात खोलगट पट्ट्यात, कारण ती जागा "रिकामी" होती. ती रिकामी होती कारण तिथून पाणी जायचं. पहिला मोठा पाऊस रात्री झाला. सकाळी गेलो तर ढिगाचा अर्धा भाग नाहीसा, रस्त्यासाठी टाकलेल्या मुरमाला कंबरभर खोल घळ, आणि खाली एका माणसाच्या शेततळ्यात आमची ती सुपीक काळी माती जाऊन बसलेली. तळ्यातला गाळ आम्हीच काढून दिला, दोनदा, कारण पुढच्या पावसात पुन्हा गेला. त्या माणसाशी बोलणं आजही नीट नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वरची वीतभर माती काढून टाकल्यावर जे खालचं पिवळट मुरमाड उघडं पडलं त्यात पुढची दोन वर्षं गवतसुद्धा धरलं नाही. ती वरची १५ सेंमी माती वेगळी काढून, झाकून, उंचावर ठेवायची आणि उतार तयार झाले की परत पसरायची असते हे नंतर कळलं. कळून उपयोग काय, माती तळ्यात.

चिखलपाय
@डोंगरवाट +१. मातीचा ढीग चुकीच्या जागी हा सार्वत्रिक आजार आहे. जिथे मोकळी जागा दिसते तिथे ढीग, आणि मोकळी जागा म्हणजे हमखास पाण्याची वाट. ढिगाच्या खालच्या बाजूने छोटा बांध घालायचा आणि वरून गवताचं बी टाकायचं, महिनाभरात हिरवा होतो.

सरळरेषा
इथे सगळे उगाच घाबरवताहेत असं माझं मत. २ हेक्टरसाठी एवढा उपद्व्याप कशाला? सगळ्या प्लॉटांमधून जमिनीखालून मोठा पाइप टाका, चेंबर करा, थेट ओढ्यात सोडा. पाणी दिसायलाच नको. गवताची चरं वगैरे दिसायला छान, पण दोन वर्षांत त्यात कचरा आणि डास.

मोजपट्टी
@सरळरेषा, पाइप हवाच, रस्त्याखालून पाणी पलीकडे न्यायला दुसरा मार्ग नाही. पण सगळं पाइपात घातलंत तर तोंडाशी काय होईल? ६ टक्के उतारावरून आलेलं पाणी पाइपातून सुसाट सुटतं आणि ओढ्याचा काठ खात बसतं. पाइपाच्या तोंडाशी दगडांचा थर लागतो, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) घालून, पाणी पसरून हळू होईपर्यंत. आणि पाइप तुंबला की? पाइप कधी ना कधी तुंबतोच, तेव्हा वरून वाहणारं पाणी कुठल्या वाटेने जाईल याचं उत्तर कागदावर हवं. ती दुसरी वाट कुणाच्या तरी दारातून जात असेल तर डिझाइन चुकलं.

शंकासुर
म्हणजे पाण्यालाही प्लॅन बी लागतो. आमच्याकडे प्लॅन ए चाच पत्ता नाही.

बांधावरची
चरांबद्दल मी बोलते, आमच्या घराच्या कामात माझ्याच गळ्यात पडलं होतं ते. उताराच्या दिशेने सरळ चर काढला तर पाणी वेड्यासारखं धावतं. मॅनिंगचं सूत्र बघा (आयरिश इंजिनिअर, हेही १८८९ चंच, त्या वर्षी सगळ्यांना पाणीच सुचत होतं की काय). वेग उताराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे उतार चौपट केला तर वेग दुप्पट. तुमच्या ६ टक्क्यांवर गवताच्या साध्या चरात, पाणी जरा भरून वाहत असेल तर सेकंदाला २ मीटरच्या आसपास वेग निघतो. चांगलं धरलेलं गवत साधारण दीडएक मीटरपर्यंत टिकतं, उघडी माती त्याच्या निम्म्यालाही नाही टिकत. म्हणून सरळ चर काढायचाच नाही, तिरका काढायचा, कंटूरला जवळजवळ समांतर, १ ते २ टक्के ढाळ देऊन. त्याहून कमी दिला तर पाणी तुंबतं, मग @सरळरेषा म्हणतात ते डास खरे ठरतात.

सरळच काढावा लागला तर मध्ये मध्ये दगडांचे छोटे बंधारे. अंतराचा नियम सोपा: खालच्या बंधाऱ्याचा माथा आणि वरच्या बंधाऱ्याचा पायथा एका लेव्हलला. ४५ सेंमी उंचीचे केलेत तर ६ टक्क्यांवर दर साडेसात मीटरला एक. आणि बंधारा मध्यभागी वीतभर खाली ठेवा, कडेला उंच. उलटं केलंत तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून दोन्ही काठ कापतं, आणि तुम्ही फक्त दगडांचा ढीग सांभाळत बसता. आमच्या गवंड्याने पहिले दोन असेच केले होते, मध्ये उंच, टेकडीसारखे, "दिसायला बरं दिसतं" म्हणून.

चिखलपाय
"दिसायला बरं दिसतं" या एका कारणाने जगातला निम्मा चिखल झालाय.

कापडवाला
कुणी सिल्ट फेन्सबद्दल बोललं नाही अजून. खालच्या हद्दीला ते काळं कापड खुंट्यांवर लावतात ना, तेवढं लावलं की गाळ थांबतो. स्वस्त आणि मस्त.

डोंगरवाट
@कापडवाला लावलं होतं की. दुसऱ्या पावसात शेततळ्यात मातीच्या शेजारी तेही सापडलं.

बांधावरची
खिक्!

मोजपट्टी
कापड वाईट नाही, ते लावतात वाईट. दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ते गाळणं नाही, ते पाणी अडवून थांबवतं आणि थांबलेल्या पाण्यात माती खाली बसते. म्हणून पसरून येणाऱ्या पातळ पाण्यालाच चालतं, चरात किंवा ओघळीत आडवं लावलं तर पहिल्याच लोंढ्यात जातं. @डोंगरवाट, तुमचं बहुतेक त्या खोलगट पट्ट्यातच आडवं लावलं असणार. दुसरं, खालची कड १५ सेंमी खोल चरीत गाडून माती दाबायची, नुसती जमिनीवर लोळवली तर पाणी खालून जातं. ओळ कंटूरवर हवी आणि दोन्ही टोकं वरच्या बाजूला वळवायची. ढोबळ ठोकताळा असा की ३० मीटर कापडामागे पाव एकर, म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. धागाकर्त्याची खालची हद्द १०० मीटर, म्हणजे एका ओळीला ३३०० चौरस मीटर, आणि जागा आहे २०,०००. कापडावर भिस्त ठेवून ५ एकर उघडे करणं म्हणजे छत्री धरून पुरात उभं राहणं.

डोंगरवाट
@मोजपट्टी हो, बरोब्बर पट्ट्यातच लावलं होतं. तुम्ही तिथे होतात का?

कापडवाला
ठीक आहे, मान्य. आयडी बदलून घेतो.

शंकासुर
मग गाळ थांबवायला करायचं काय? खड्डा?

मोजपट्टी
गाळखड्डा, हो. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमांत एकरी ३६०० घनफूट असा आकडा आहे, म्हणजे सगळ्या क्षेत्रावरून साधारण २५ मिमी पाणी वाहून आलं तर तेवढं मावेल इतका. आपल्या मापात हेक्टरी अडीचशे घनमीटर. ५ एकरांना ५०० घनमीटर, २० मीटर लांब, १७ रुंद, दीड मीटर खोल असा खड्डा. आधी तो गाळासाठी वापरायचा आणि काम संपलं की साफ करून साठवण खड्डा म्हणून ठेवायचा, तीच जागा.

पण खड्ड्यावरही फार विसंबू नका. स्टोक्सचा नियम सांगतो की कण निम्मा झाला की बसायला चौपट वेळ लागतो. बारीक वाळूचा ०.१ मिमीचा कण एक मीटर खोल जायला दोनेक मिनिटं घेतो, ०.०१ मिमीचा पोयटा साडेतीन तासांच्या आसपास, आणि ०.००१ मिमीचा चिकणमातीचा कण? चौदा-पंधरा दिवस, तेही पाणी एकदम शांत असेल तर. म्हणजे चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की ती ओढ्यात गेलीच समजा. तुमची माती कुठली आहे?

चढउतार
वरच्या अर्ध्यात मुरूम, खालच्या अर्ध्यात काळी चिकण. हाताला चिकटते, उन्हात भेगा पडतात.

मोजपट्टी
मग खालच्या अर्ध्यात माती उठूच द्यायची नाही.

बांधावरची
हेच मला सांगायचं होतं. सगळे गाळ अडवायच्या मागे, माती उठते कशी ते कुणी बोलत नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने जमिनीवर आपटतो. उघड्या मातीवर तो छोटा स्फोटच असतो, कण उडतात, भोकं लिंपून जातात, मग पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. त्या थेंबाच्या आणि मातीच्या मध्ये काहीही असलं, वाळलेलं गवत, काड्या, पालापाचोळा, तर निम्मं काम तिथेच होतं. धुपीचा हिशोब करायचं एक समीकरण आहे, विशमायर आणि स्मिथ यांचं, १९६५ चं. त्यात पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी आणि चढ, आच्छादन, आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार आहे. पाऊस तुमच्या हातात नाही, माती नाही. पण आच्छादनाचा आकडा उघड्या जमिनीला १, आणि दाट गवताला शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. गुणाकारात एक आकडा शंभरपट खाली आला तर उत्तरही शंभरपट खाली येतं, इतकं साधं आहे ते.

म्हणून जेवढं आत्ता बांधणार तेवढंच उघडायचं. खालचे सात प्लॉट करा, झाकून टाका, मग वरचे. किंवा उलट. पण चौदाच्या चौदा एकदम नको.

चिखलपाय
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). उताराला हात लावलात की महिनाभर वाट बघू नका, आठवडा-दोन आठवड्यांत काहीतरी पसरा. कडेच्या भरावांवर वाळा लावा, त्याची मुळं आडवी न जाता सरळ खाली दोन-तीन मीटर जातात.

सरळरेषा
वाळा चांगला आहे, हे मान्य. बाकी माझा पाइप मी सोडत नाही.

अवांतरी
अवांतर: पाइपावरून आठवलं. फ्रेंच ड्रेन म्हणतात ना, खडी भरलेली चर आणि तळाला भोकाचा पाइप, त्याचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाचा अमेरिकन वकील-न्यायाधीश होता, त्याने १८५९ मध्ये शेतातल्या निचऱ्यावर लिहिलं, त्यावरून ते नाव. आणि गंमत म्हणजे वॉशिंग्टनच्या लिंकन मेमोरियलमधला खुर्चीत बसलेला लिंकन आहे ना, तो पुतळा या गटारवाल्या फ्रेंचच्या मुलाने केला, डॅनियल चेस्टर फ्रेंच.

शंकासुर
बाप चर खणतो, पोरगा दगड कोरतो. घरात एकूण फावड्याला विश्रांती नाही.

निवांत_बसा
@अवांतरी रोचक. त्या पाइपाची भोकं वर ठेवायची की खाली? आमच्याकडे यावरून वाद आहे.

मोजपट्टी
खाली. पाणी खडीत खालून वर चढत येतं, भोकं खाली असली की पातळी लवकर उतरते. वर ठेवलीत तर पाइप बुडेपर्यंत पाणी तसंच उभं. खडीभोवती जिओटेक्स्टाइल गुंडाळा, नाहीतर दोन-तीन वर्षांत माती शिरून चर बुजते.

निवांत_बसा
धन्यवाद. मेव्हण्याला लिंक पाठवली.

जुनाखडक
उशिरा आलो. वयाने आणि पेशाने भराववाला आहे, रोलरमागे आयुष्य गेलं. टप्प्यांबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो.

चढउतार साहेब, तुमचा कंत्राटदार टप्पे करायचे म्हणतो, ठीक. पण दोन मीटरचा टप्पा असेल तर त्याची कड कशी ठेवणार? माती आपल्याआप उभी राहत नाही. एकास दोन, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं, असा उतार दिला तर प्रत्येक टप्प्याला ४ मीटर जागा नुसती कडेत गेली. गवत कापायला मशीन फिरवायचं असेल तर एकास तीन, म्हणजे ६ मीटर. हे १४ प्लॉटांच्या नकाशात धरलंय का विचारा, माझी पैज की नाही धरलेलं. मग ऐनवेळी भिंत बांधतात. भिंतीमागे पाणी साठलं तर २ मीटर उंचीला दर मीटर लांबीमागे जवळपास २ टनांचा रेटा नुसत्या पाण्याचा, मातीचा वेगळा. म्हणून भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवतात आणि मागे खडी भरतात. माझ्या बघण्यातल्या पडलेल्या भिंतींपैकी बहुतेक पाण्याने पडल्या, दगड कच्चा म्हणून पडलेली एखादीच.

दुसरं, भराव. टप्पा म्हणजे अर्धा कापलेला आणि अर्धा भरलेला. घर त्या दोघांच्या सांध्यावर आलं की भिंतीला तिरकी चीर जाते, दरवाजे अडकायला लागतात. भराव "एक पावसाळा खाऊन बसतो" असं सगळे सांगतात, तो बसतो खरा, पण सगळीकडे सारखा बसत नाही. २० सेंमीचे थर, प्रत्येक थरावर रोलर, आणि ओल नेमकी. कोरडी माती दबत नाही, फार ओली असली तर रबरासारखी हलते. प्रॉक्टर म्हणून लॉस एंजेलिसला धरणाच्या कामावर इंजिनिअर होता, त्याने १९३३ मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक मातीची एक ठराविक ओल असते जिथे ती सगळ्यात घट्ट बसते. प्रयोगशाळेतल्या त्या घट्टपणाच्या ९५ टक्के जागेवर यायला पाहिजे. आम्ही तरुणपणी मूठ आवळून बघायचो, मुठीत गोळा झाला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकडे झाले की म्हणायचो चालू करा. मापन मापनच असतं, पण मूठ अगदीच खोटी नाही. आणि उतारावर भराव टाकायचा तर आधी खालच्या जमिनीला पायऱ्या कापा, नाहीतर भराव गादीसारखा घसरत येतो.

मातीचा ताळेबंदही करून घ्या. १०० घनमीटर खोदलं की डंपरमध्ये १२०-१३० भरतं, पण दाबून भरलं की नव्वदच्या आसपास उरतं. लोक कापणं आणि भरणं कागदावर सारखं करतात आणि शेवटी मुरूम कमी पडतो.

चढउतार
@जुनाखडक दंडवत. टप्प्यांच्या कडेची जागा खरंच धरलेली नाही, आत्ताच नकाशा बघितला. दोन प्लॉट उडतात.

शंकासुर
एक खड्ड्यात, दोन कडेत. असंच चालू राहिलं तर धागा संपेपर्यंत तुमच्याकडे एकच प्लॉट उरेल, तोही तुम्हाला रडायला.

बांधावरची
अजून एक, जो कुठल्याच इंजिनिअरच्या नकाशात नसतो. तुम्ही सुंदर ढाळ देऊन, दोन प्लॉटांच्या मधून चर काढून विकून मोकळे व्हाल. घराभोवती पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी उतार बाहेरच्या बाजूला, फरशी असेल तर निदान २ टक्के, सगळं नीट. मग प्लॉट क्रमांक सात कंपाउंड घालतो. विटांचं, पक्कं, तळापासून. झालं, वरच्या सहाचं पाणी सहाच्याच अंगणात. सहावाला रात्री पहारीने सातच्या भिंतीला भोक पाडतो. पुढचं सांगायला नको. आमच्या इथे हे अक्षरशः झालंय, पहार आमची होती.

डोंगरवाट
=)) पहार देणारेही गुन्हेगारच.

मोजपट्टी
@बांधावरची यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, माझ्या गणितापेक्षाही. पाण्याच्या वाटेचा पट्टा विकायच्या आधीच नकाशात आणि प्रत्येकाच्या करारात राखीव दाखवा, त्यावर बांधकाम नाही, भिंत घातली तर तळाशी मोऱ्या सोडायच्या, आणि चर कोण साफ करणार तेही लिहा. विकल्यानंतर हे कुणी ऐकत नाही.

सरळरेषा
म्हणूनच म्हणत होतो पाइप घाला. पाइपावरून भिंत घातली तरी पाणी जातं.

जुनाखडक
आणि पाइपावर भिंतीचा पाया खणताना पाइप फुटतो. मी फोडलेत, साक्षीदार आहेत.

चढउतार
मंडळी, चार दिवसांनी येतोय. काल अवकाळी सर आली, चांगली पाऊण तास. @मोजपट्टी यांनी सांगितलेला सर्व्हे पुढच्या आठवड्यात होणार आहे पण राहवेना म्हणून छत्री घेऊन जागेवर जाऊन उभा राहिलो. कंत्राटदाराला पण बोलावलं, तो गाडीतच बसून होता.

जे दिसलं ते सांगतो. आमच्या जागेत पडलेलं पाणी बऱ्यापैकी गवतात मुरलं, खाली फार काही आलं नाही. पण वरच्या डाव्या कोपऱ्यात, हद्दीपलीकडे, कच्च्या रस्त्याखाली एक जुनी मोरी आहे जी आम्हा चौघांपैकी कुणी आजवर पाहिलीच नव्हती, झुडपात होती. तिच्यातून मांडीएवढा जाड लोट आत आला आणि तिरका वाहत खालच्या ओढ्याकडे गेला. नकाशात तिथे प्लॉट तीन, सहा आणि दहा आहेत. म्हणजे कंत्राटदाराच्या हिशोबाने आम्ही तीन घरं नाल्यात बांधणार होतो. त्याला काच खाली करायला लावून दाखवलं. तो म्हणाला, "एवढं पाणी रोज थोडंच येतं."

आता असं ठरतंय: मोरीपासून खालपर्यंतचा तिरका पट्टा मोकळा सोडायचा, तिथेच गवताचा चर आणि दगडी बंधारे. खालच्या कोपऱ्यात खड्डा आधी. मग फक्त खालचे प्लॉट, ते झाकून झाले की पुढच्या वर्षी वरचे. १४ चे १० होताहेत. एक मित्र अजून रुसलाय. शंका एवढीच की पट्ट्यातली जुनी झुडपं काढून गवत लावायचं की आहेत तशी ठेवायची?

बांधावरची
हात लावू नका हो! जे आधीच मुळं धरून बसलंय ते उपटून पुन्हा काय लावायचं? चरात थेट आडवी येणारी तेवढी छाटा, मुळासकट नको.

मोजपट्टी
सहमत. आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आत्ताच खुंट्या मारून दोरी बांधा. पोकलेन एकदा त्यावरून फिरलं तरी जमीन दबते आणि पुन्हा मुरवत नाही. चालकाला तुम्ही स्वतः दाखवा, निरोप पाठवू नका. पहिली बकेट खालच्या खड्ड्याची.

जुनाखडक
त्या मोरीचं तोंड मोजून ठेवा, तुमच्या रस्त्याखालचा पाइप त्याहून लहान नको.

चढउतार
मोजतो. खुंट्या काल मारल्या, लाल दोरी बांधली. पोकलेन आज सकाळी येणार होतं.

शंकासुर
होतं म्हणजे? आलं का? कुठे उतरवलं?

चढउतार
आत्ताच मित्राने फोटो पाठवलाय. वरच्या टोकाला उभं आहे. दोरी एका बाजूलाच दिसतेय.

जातो मी.